बाबांची एकुलती एक कादंबरी

माझे वडील मुद्रितशोधक होते. ते ज्या छापखान्यात कामाला होते तिथे शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं आणि दर दोन वर्षांनी टेलिफोनची डिरेक्टरी छापली जायची. डिरेक्टरीचं काम निघालं की बाबा तीन-तीन महिने नुसते आकडे तपासायचे. समोर बसलेला सहकारी मूळ कागदावरून मोठ्याने वाचणार आणि बाबा छापलेल्या कागदावर बोट फिरवत चुका धरणार. त्या सहकाऱ्याला सगळे 'स्वल्पविराम' म्हणायचे, कारण विरामचिन्हांसकट वाचून वाचून त्याला घरीदारी तसंच बोलायची सवय लागली होती. "वहिनी स्वल्पविराम चहा झकास झालाय पूर्णविराम," असं तो आमच्याकडे येऊन म्हणाला की आई हसता हसता बशी खाली ठेवायची.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "हे नंबर तपासतात, मी नंबर जोडते, आणि घरात मात्र कुणाची लाइन कुणाला लागत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या दिवसांत ती नुसती गंमत होती.

बाबा लेखकही होते. पहाटे पाचला उठून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे ते साडेआठपर्यंत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो आणि खाली इस्त्रीचं दुकान होतं. सात वाजता गरम कपड्यांचा वास जिन्यातून वर चढायचा. तो आला की बाबा मान वर करून म्हणायचे, "झालं, दीड तास उरला." त्यांच्या कथा एका मासिकात यायच्या. वर्षाला दोन, फार तर तीन. गल्लीत त्यांना 'लेखकमहाशय' म्हणत, थोडं आदराने, थोडं टिंगलीने. टिंगलीचं कारण असं की त्यांना चूक दिसली की राहवायचं नाही. दुकानाची पाटी, डॉक्टरची चिठ्ठी, मी मैत्रिणीला लिहिलेलं पत्र, काहीही असो, खिशातली लाल पेन्सिल बाहेर यायची.

त्यांचं स्वतःचं अक्षर मात्र मुंग्या पळाल्यासारखं होतं. "तुमचं लिखाण जुळवायला खिळे नकोत, साखर टाकायला हवी," असं छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर म्हणायचा. म्हणून दहाव्या वर्षापासून त्यांच्या कथांची सुवाच्य प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आले की मी त्याच टेबलाशी बसायची आणि बाबांच्या मुंग्या ओळीने उभ्या करायची. मला ते काम आवडायचं. आपल्या वडिलांच्या मनात काय चाललंय हे जगात सगळ्यांत आधी मला कळतं, याची मोठी ऐट वाटायची.

आमच्याकडे आत्या राहायची. बाबांची धाकटी बहीण. तिची मुलगी अडीच वर्षांची असताना मोरीतल्या पाण्याच्या पिंपात बुडून गेली होती. पिंपाशेजारी स्टूल होतं, त्यावर चढून ती वाकली. दुपारची वेळ होती. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक होते आणि कामावर गेले होते. आत्याने सगळ्यांना सांगितलं, की मी खाली नळावर गेले होते, रांग होती, वर आले तोवर सगळं संपलं होतं. आतोबांनी तिला बोल लावला नाही. त्यांनी फक्त बोलणं सोडलं. सात महिने ती दोघं एका खोलीत न बोलता राहिली. शेवटी बाबा गेले आणि आत्याला तिच्या पेटीसकट घेऊन आले.

आत्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली. काजं करायची, बटणं लावायची. राहिलेलं काम घरी आणून खिडकीशी उजेडात बसायची. ती मुळात हसरी होती, हे आई सांगायची म्हणून मला माहीत. माझ्यासमोर ती कधीमधी बोलली तर बटणांबद्दल बोलायची. "मुलांचे शर्ट डावीकडून, मुलींचे उजवीकडून. कुणी ठरवलं असेल गं हे?"

महिन्याच्या पहिल्या रविवारी आतोबा यायचे. दारालगतच्या खुर्चीवर बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे, चहा प्यायचे, जायचे. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी ते आत्याला "बरी आहेस ना?" एवढं विचारायला लागले. तिसऱ्या वर्षी निघताना ती त्यांच्यामागे दारापर्यंत जायची आणि मग दोघं बराच वेळ जिन्यात उभी राहून हलक्या आवाजात बोलायची. आई खूश झाली. "माझ्यासमोर बोलण्यासारखं नाही म्हणजे नवरा-बायकोचंच असणार," म्हणाली. डेपोजवळ एक खोली रिकामी होणार आहे, असं एकदा आतोबांनी चहा पिता पिता कुणालाच उद्देशून नसल्यासारखं सांगितलं. आत्याच्या हातातली सुई थांबली. त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडची जुनी चादर मी नेली तर चालेल का?"

त्याच सुमारास वर्तमानपत्रांवर आणि छापखान्यांवर सरकारी नजर बसली. वर्तमानपत्रात मधेच कोरे चौकोन दिसायला लागले. छापखान्यात दर मंगळवारी एक तपासनीस यायचा, शाईच्या वासाने सारखा शिंकायचा, आणि छापायला निघालेला प्रत्येक कागद चाळायचा. बाबांनी त्याआधीची दोन वर्षं घालवून पहिली कादंबरी लिहिली होती, त्यांच्याच छापखान्यात झालेल्या संपावर. तीनशे पानांची सुवाच्य प्रत मी केली होती. तपासनिसाने ती वाचली आणि बाबांना बोलावून अगदी सौजन्याने सांगितलं, "तुम्ही लेखक आहात, मला आदर आहे. पण हे नको." प्रत त्याने कपाटात ठेवली ती परत आलीच नाही. त्या आठवड्यात छापखान्यातल्या दोघांना घरातून उचलून नेलं. ते ऐकल्यावर आईने बाबांचा कच्चा खर्डा शेगडीत घातला. चार-चार पानं करून, शांतपणे. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी तिला अडवलं नाही, पण नंतर चार दिवस ते जेवताना ताटाकडेही बघत नव्हते.

प्रकाशक जुना माणूस होता. तो म्हणाला, "काळ वाईट आहे. घरगुती काहीतरी लिहा. आई, बहीण, मूल. त्याला कोण हरकत घेणार?"

बाबांनी पाच महिन्यांत दुसरी कादंबरी लिहिली. इतकं भरभर लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचा वास आला तरी मान वर व्हायची नाही. आंघोळीला जाताना गुणगुणायचे. आई म्हणाली, "चला, माणूस परत आला." मी तेव्हा तेरा वर्षांची होते. रोज दुपारी पाच-सहा पानं उतरवायची. गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. मला सुरुवातीला काहीच वाटलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतात.

मग एका दुपारी मी पिंपापाशी आले.

पिंप हिरवं होतं. मुलीच्या अंगात पिवळा फ्रॉक होता आणि त्याला माशाच्या आकाराचा खिसा होता. तो फ्रॉक आत्याने स्वतः शिवला होता. मी पाहिला होता, त्या खिशात हातही घातला होता. कादंबरीतली आई मात्र नळावर गेलेली नव्हती. ती आतल्या खोलीत, दार लोटून, एका माणसाचं पत्र वाचत होती. तो माणूस तिचा नवरा नव्हता. पत्र वाचण्यात तिचं इतकं भान हरपलं होतं, की पाण्याचा आवाज तिला ऐकू आला तरी कळला नाही.

आत्या त्याच खोलीत, माझ्यापासून चार हातांवर बटणं लावत होती.

"आज काय उतरवतेस गं?" तिने विचारलं.

"बाबांची कादंबरी."

"शेवट चांगला आहे ना?"

"अजून आला नाही."

मी पानावर कोपर आडवं धरलं. ती उठून बघायला येणार नव्हती, तिचा तसा स्वभावच नव्हता, तरी धरलं. मग तसंच आडव्या हाताने ते पान पूर्ण केलं. अक्षर बिघडू दिलं नाही. मी तेव्हा ओरडून काही बोलले असते, निदान पान फाडलं असतं, तर पुढे काय झालं असतं हा विचार मी आजवर किती वेळा केला असेल, त्याचा हिशेब नाही. पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की बाबांना माहीत असेल ते काय करतायत. ते चुका शोधणारे होते. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळं जग म्हणत होतं.

तपासनिसाने कादंबरीवर 'प्रसिद्धीस हरकत नाही' असा शिक्का मारला. वर बाबांना म्हणाला, "माझ्या बायकोला वाचायला देतो. डोळ्यांत पाणी आलं हो." त्या वर्षात दुसरं छापायला फारसं काही नव्हतंच. पुस्तक हातोहात गेलं. तीन महिन्यांत त्याला एका साहित्य संस्थेचं पारितोषिक मिळालं आणि वर्तमानपत्रात बाबांचा फोटो आला. स्वल्पविराम हार घेऊन आला. आत्याने बाबांसाठी नवा शर्ट शिवला. पुस्तक तिने हातात घेतलं, कव्हरवरून हात फिरवला आणि फळीवर ठेवून दिलं. "कामातून डोकं वर निघालं की वाचीन, दादा," ती म्हणाली. त्या मुलीनंतर तिने गोष्टी वाचणंच सोडलं होतं. बाबांना ते माहीत होतं. मला वाटतं, ते त्यावरच विसंबून होते.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एक बाई मोठ्याने पुस्तक वाचायची आणि बाकीच्या डबे खाता खाता ऐकायच्या. रोज एक प्रकरण. बाबांचं पुस्तक तिथे आलं तेव्हा आत्याला अभिमानच वाटला असणार. "माझ्या भावाचं आहे," असं तिने सांगितलंही होतं. एकोणिसाव्या प्रकरणाला वाचन हिरव्या पिंपापाशी पोचलं. वाचणारी बाई मन लावून वाचत होती. शिवणाऱ्या बायका आधी हळहळल्या. मग फ्रॉकच्या खिशापाशी, त्या खिशाबद्दल आत्याकडून कधीतरी ऐकलेल्या एकीने घास तोंडात तसाच ठेवून आत्याकडे पाहिलं. तिच्या मागोमाग दुसरीने. मग पत्र आलं.

आत्या डबा बंद करून घरी आली. मी शाळेतून परतले होते, बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली.

"दादा, पत्र कुठून आणलंस?"

बाबा उठून उभे राहिले. "कादंबरी आहे ती. कादंबरीत असं..."

"मग फ्रॉक तरी बदलायचा होतास."

आत्याने मग आत जाऊन पेटी भरली. आई एक्स्चेंजमधून आली तेव्हा ती जिना उतरत होती. आईने तिचा हात धरला, काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "काही नाही वहिनी. चादर नेत नाही, राहू दे." ती नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. आईने त्या रात्री पुस्तक वाचून काढलं आणि सकाळी बाबांपुढे चहाचा कप ठेवताना एकच वाक्य बोलली, "तो खर्डा मी उगाच जाळला. हा जाळायला हवा होता."

पहिल्या रविवारी आतोबा आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. डेपोतही ते पुस्तक पोचलं होतं. त्यांनी दुसऱ्या गावाच्या डेपोत बदली मागून घेतल्याचं नंतर कानावर आलं. डेपोजवळची खोली कुणा दुसऱ्याने घेतली.

त्यानंतर बाबांनी लिहिणं थांबवलं नाही. तेच वाईट झालं. ते रोज पाचला उठत, टेबलाशी बसत, कागदांवर कागद भरत. प्रकाशक सुरुवातीला दर महिन्याला विचारायचा, मग दर वर्षी, मग विचारेनासा झाला. मी कॉलेज केलं, टायपिंग शिकले, सरकारी कचेरीत टंकलेखक झाले. लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी घरी येऊन मी बाबांची पानं टाइप करायला घ्यायची आणि प्रत्येक वेळी गोष्ट वीस-पंचवीस पानांवर येऊन थांबलेली असायची. कधी गोष्ट मास्तराची असे, कधी खलाशाची, कधी एका म्हाताऱ्या डॉक्टरची. पण कुठूनही निघाली तरी एक दुपार यायची. घरात कुणीतरी एकटं असायचं, दार लोटलेलं असायचं, आणि तिथे वाक्य अर्ध्यावर सुटायचं. मी काही विचारायची नाही. अर्ध्या वाक्यापर्यंत टाइप करून कागद फाइलला लावून टाकायची.

दरम्यान छापखान्यातले खिळे वजनावर गेले, यंत्रं बदलली, मग संगणक आले. ते कोरे चौकोन, ते शिंकणारे तपासनीस, सगळं लोक विसरले. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "चल, तिच्याकडे जाऊन येऊ."

आई आणि मी आत्याकडे अधूनमधून जायचो. बाबा सतरा वर्षांत पहिल्यांदा जात होते. वसतिगृहाच्या खालच्या खोलीत दोन बाकं आणि एक टेबल होतं. आत्या खाली आली. केस पिकले होते, डोळ्यांना जाड भिंगं लागली होती. बाबांना पाहून ती दचकली नाही. समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "वाळलास रे, दादा."

बाबांनी बोलायचं ठरवून आणलं होतं. ते एका दमात म्हणाले, "मी नव्याने लिहितो. खरं काय ते. पत्र नव्हतं, मासिक होतं, माझी गोष्ट होती, असं स्पष्ट लिहितो. लोकांना कळू दे."

मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नको," ती म्हणाली.

"अगं, पण तुझ्यावरचा डाग..."

"आधी माझी गोष्ट घेतलीस आणि स्वतःला त्यातून काढून टाकलंस. आता परत घेशील आणि सगळी स्वतःबद्दलच करशील. नको, दादा. माझ्याबद्दल लिहू नकोस. लिहायचंच असेल तर तुझ्या त्या संपावर लिही."

बाबांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, "तुझे डोळे तपासलेस का एवढ्यात?" ती हो म्हणाली. ते उठून बाहेर फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

मी मागे थांबले. "आत्या, तू गोष्ट वाचत होतीस?"

"हो गं. नळावर गेलेच नव्हते मी. पोरगी झोपली असं वाटलं म्हणून मासिक घेऊन बसले. तीन पानं उरली होती." तिने चष्मा काढून पुसला. "चांगली होती गोष्ट. म्हणून तर... शेवट काय होता ते मी अजून वाचलेलं नाही. तू सांगू नकोस."

ते तिने फक्त आपल्या भावाला सांगितलं होतं. पेटी घेऊन आमच्याकडे आली त्या आठवड्यात, स्वयंपाकघरात, दोघंच असताना. त्याने ते ऐकलं, वर्षानुवर्षं जपून ठेवलं, आणि लिहायची वेळ आली तेव्हा सगळं जसंच्या तसं लिहिलं. फक्त आपली कथा तिच्या हातातून काढून घेतली आणि तिथे परक्या माणसाचं पत्र ठेवलं.

पुढे आई गेली. तिच्यानंतर तीन वर्षांनी आत्या गेली, कारखान्यातून कधीच निवृत्त झालेली, वसतिगृहातच, छातीत कफ भरून. बाबांनी अग्नी दिला. मी आठवडाभराने गाडी पकडून आतोबांच्या गावी गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि माझा एक हेतूही होता. इतक्या वर्षांनी का होईना, पत्र कुणाचंच नव्हतं हे त्यांना सांगायचं होतं.

आतोबा एका खोलीत एकटेच राहत होते. दुसरं लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी दारात उभी राहून बातमी सांगितली. ते खाली बसले. उठून त्यांनी मला पाणी दिलं. मग मी मासिकाचं सांगितलं. पत्र खोटं होतं, माझ्या बाबांनी घुसडलं होतं, ती त्यांची कथा वाचत होती.

आतोबा म्हणाले, "पत्राचं मला कधी खरं वाटलंच नाही. माझ्या बायकोला मी ओळखत होतो."

"मग तुम्ही आला का नाहीत?"

"ती घरातच होती, हे मला पुस्तकातून कळलं, बाळा. नळावर गेले होते म्हणून मला सांगितलं होतं तिने. मी ते धरून बसलो होतो. ती तिथे नव्हती, म्हणून झालं, असं. आणि खरं काय ते तिने सांगितलं कुणाला? भावाला." ते हाताच्या शिरांकडे पाहत राहिले. "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. मारलंही असतं कदाचित. पण सांगायला मला हवं होतं."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत बसले. घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं, "भेटले?" मी म्हटलं, "भेटले." "काही म्हणाले?" मी म्हटलं, "थकलेत फार."

बाबा एकोणऐंशीचे असताना एक मुलगी आमच्याकडे आली. माहितीपट बनवायची. तिच्या आईकडे बाबांचं पुस्तक होतं, कव्हर गळून पडलेलं, आणि तिला त्या पुस्तकावर, बाबांवर आणि त्या सक्तीच्या काळावर तासाभराचा माहितीपट करायचा होता. तिच्याबरोबर एक अबोल कॅमेरावाला होता. चार दिवस त्यांनी आमच्या दोन खोल्यांत दिवे लावले. टेबलाचं चित्रण केलं, बाबांच्या लाल पेन्सिलींचं केलं, अर्ध्या वाक्यांच्या फायलींचं केलं. मला प्रत करताना दाखवायचं म्हणून तिने माझ्या हातात पेन दिलं. माझं कोपर आपोआप पानावर आडवं आलं, कागद दिसेना, म्हणून तिने तो भाग सोडून दिला. जुना छापखाना आता गोदाम झाला होता, तिथेही ती बाबांना घेऊन गेली. बाबा उत्साहात होते. तपासनिसाची शिंक त्यांनी करून दाखवली तेव्हा कॅमेरावालासुद्धा हसला.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "पत्राचा प्रसंग तुम्हाला सुचला कसा?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांनी सगळं सांगितलं. बहीण, पिंप, मासिक. "तो अंक मीच तिला पाठवला होता," ते म्हणाले. "वर लिहिलं होतं, घरातलं आवरून निवांत वाच. ते मला लिहिता आलं नाही. पत्र लिहिता आलं. आणि त्या पत्रापायी तिचा नवरा गेला, तिचं उभं आयुष्य गेलं."

हे मला नवीन होतं, ते 'निवांत वाच'. कॅमेरा चालू होता. त्या मुलीचे डोळे भरले होते. पण ती आनंदलीही होती, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

दिवे विझल्यावर मी बाबांना म्हटलं, "आत्याने नको म्हटलं होतं."

"लिहू नको म्हणाली होती," बाबा म्हणाले. "मी बोललो."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला तिच्या ऑफिसात जाऊन भेटले आणि तो भाग काढायला सांगितला. ती हादरलीच. "अहो ताई, सगळा माहितीपट त्याच्यावर उभा आहे!" मी म्हटलं, "ज्या बाईबद्दल आहे तिने परवानगी दिलेली नाही आणि आता ती देऊ शकत नाही." तिने खूप समजावलं. बाबांचं मन मोकळं होईल, लोकांपुढे सत्य येईल. मी ऐकून घेतलं. शेवटी ती चांगल्या घरची मुलगी होती, तिने काढला.

माहितीपट एका लहानशा सभागृहात दाखवला. साठ-सत्तर माणसं असतील. बाबा पुढच्या रांगेत, आत्याने शिवलेला नसला तरी इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. छापखाना आला, शिंक आली, लोक हसले. टेबल आलं. ते थोडे पुढे सरकून बसले. आता येईल, आता येईल, असं त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मग एकदम फायली आल्या, खिडकी आली, आणि नावं वर सरकायला लागली. टाळ्या झाल्या. लोकांनी येऊन त्यांचे हात हातात घेतले. ते सगळ्यांना "आभारी आहे" म्हणत होते.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस तिला?"

"हो."

"बरं."

त्यानंतर ते चार महिने होते. पहाटे जाग येई, पण टेबलाशी बसत नसत, अंथरुणातच छताकडे पाहत पडून राहत. पत्रापायी आपल्या बहिणीचा संसार मोडला, हेच ते शेवटपर्यंत धरून होते. आतोबांचं म्हणणं मला माहीत होतं. पत्रापायी काही मोडलं नव्हतं. पत्राऐवजी मासिक लिहिलं असतं तरी तेच झालं असतं. हे ऐकून त्यांचं ओझं हलकं झालं असतं, की पुस्तक लिहिलं हेच मुळात चुकलं हे कळून ते आणखी वाढलं असतं, ते मला ठरवता येईना. रोज सकाळी चहा देताना ते ओठांवर यायचं. मी कप ठेवायची, उशी सारखी करायची आणि कामाला लागायची. एका मंगळवारी मी कचेरीत असताना ते गेले. शेजारच्या बाई म्हणाल्या, झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

फायली मी प्रकाशकाच्या मुलाला दाखवल्या. त्याने दोन चाळल्या आणि विचारलं, "एकही पूर्ण नाही का हो?" मी नाही म्हटलं. त्याने त्या नीट बांधून मला परत दिल्या.